'काय वाचू सांग ना' म्हणणाऱ्याला नेमकं पुस्तक कसं काढून द्यायचं

पुस्तकवेड्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर, "काय वाचू सांग ना काहीतरी". अन् आपण काय करतो तर आपल्या लाडक्या दहा पुस्तकांची यादी टाइप करून पाठवून देतो, समोरचा अंगठा दाखवतो, आणि त्या यादीतलं एकही पुस्तक पुढच्या पोळ्यापर्यंत उघडलं जात नाही. त्याचं काही चुकत नाही हो. यादी तुमची असते. कोणतं पुस्तक तुम्हाला कोणत्या वयात, कोणत्या उन्हाळ्यात, कोणाशी भांडण झाल्यावर भेटलं हे सगळं त्या नावांच्या मागं असतं अन् त्यातलं काहीच समोरच्यापर्यंत पोचत नाही.

तर मी कसं करते ते सांगते. साहित्याचं फार ज्ञान लागत नाही, कान लागतो आणि थोडा चोंबडेपणा लागतो, तो आपल्या नागपुरात काही कमी नाही.

आधी आपलं कपाट

दहा-बारा पुस्तकं अशी वेगळी काढा जी तुम्ही कोणाच्याही हातात द्यायला तयार आहात. प्रत्येकाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं (पेननं नको बाप्पा) एक ओळ लिहा, हे वाचून आपलं काय झालं. म्हणजे खरंच काय झालं ते. 'अप्रतिम', 'मनाला भिडणारं' असं लिहायचं असेल तर पेन्सिल परत ठेवून द्या. 'रात्री दीडला संपवलं अन् आईच्या खोलीत डोकावून आले', हे चालतं. 'दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटलं नाही', चालतं. 'राग आला, कोणाचा ते कळलं नाही', हे तर फारच छान.

माझ्या 'बनगरवाडी'वर लिहिलंय 'गाव रिकामं व्हायला लागलं तेव्हा घसा कोरडा'. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची कादंबरी, अगदी बारकीशी, एका बैठकीत होते. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, मोडक्यातोडक्या शाळेत पोरं जमवतो, लोकांकडून तालीम बांधून घेतो, हळूहळू वाडीचा होतो, आणि मग दुष्काळ. बस इतकंच. आता ही ओळ लिहिलेली असली की पुढचं सोपं होतं, कारण मला माहीत असतं हे पुस्तक कोणाला द्यायचं. बँकेची नाहीतर झेडपीच्या शाळेची पहिली पोस्टिंग गडचिरोलीकडे मिळालेलं पोरगं, जे घरी फोन करून 'इथं काहीच नाही बे' म्हणून राहिलं, त्याला. लेखक फार मोठे आहेत वगैरे सांगायची गरजच पडत नाही, "तुझ्यासारखाच एक मास्तर आहे यात" म्हटलं की झालं.

कपाट लावतानाच एक गोष्ट मान्य करून टाका की तुमचं सगळ्यात लाडकं पुस्तक या दहा-बारात नसेल. ज्या पुस्तकाला कोणी नावं ठेवली तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही ते पुस्तक ठेवू नका तिथं. म्हणजे मागं ठेवा, घरातल्यांसाठी.

मग माणसाला विचारा, पण पुस्तकाबद्दल नाही

"तुला कथा आवडतात की कादंबरी" हा प्रश्न एकदम बेकार आहे. ज्याला हे सांगता येतं तो तुम्हाला विचारायला येतच नाही. मी विचारते, झोप कशी लागून राहिली? दिवसातून सलग किती वेळ मिळतो, खरा आकडा सांग, दहा मिनिटं असतील तर दहा सांग. शेवटचं कोणतं पुस्तक अर्ध्यात सोडलंस आणि कुठे? या तिसऱ्या प्रश्नात सगळं असतं. कोणी म्हणतं खूप पात्रं होती, कोणी म्हणतं फारच दुःखी होतं, कोणी म्हणतं अक्षर बारीक होतं अन् चष्मा बदलायचाय. शेवटचं कारण साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांचं असतं, फक्त ते सांगत नाहीत, 'आताशा वाचनात मन लागत नाही' म्हणतात. त्यांना आधी मोठ्या टायपातली आवृत्ती शोधून द्या, मन आपोआप लागतं.

आणि 'काहीतरी हलकंफुलकं दे' याचा अर्थ लगेच विनोदी असा घेऊ नका. दमलेला माणूस असं म्हणतो. त्याला हसायचंच असतं असं नाही, त्याला त्रास नको असतो. हसवायचा आग्रह हाही त्रासच की.

दवाखान्याचं सांगते, कारण नागपुरात हे फार लागतं. अख्खा विदर्भ अन् वरून मध्य प्रदेशातून लोक पेशंट घेऊन इथं येतात, धंतोली-रामदासपेठेच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं बघा, मोबाईल दहा टक्क्यांवर, डब्याची पिशवी मांडीवर. अशा माणसाला कादंबरी देऊ नये. दर वीस मिनिटांनी नर्स हाक मारते, धागा तुटतो, मग तेच पान चारदा. त्याला तुकड्या-तुकड्यांचं पुस्तक पाहिजे, ज्यात प्रत्येक प्रकरण स्वतंत्र आहे आणि कुठूनही उघडलं तरी चालतं. पु.लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' या कामाला अजून कोणी हटवू शकलेलं नाही. एका माणसाची एक गोष्ट, संपली की संपली. अन् गंमत अशी की त्यातली माणसं हसवता हसवता अशी काही एकटी करून सोडतात की वाचणाऱ्याला थोडं रडताही येतं, आणि दवाखान्यात विनोदी पुस्तक वाचताना डोळ्यात आलेलं पाणी कोणी विचारत नाही.

दुःखातल्या माणसाला काय द्यायचं

इथं लोक सगळ्यात जास्त घाई करतात. कोणाचं कोणी गेलं की तेराव्याच्या आधीच अध्यात्माचं पुस्तक हातात. माझं म्हणणं, पहिले दोन-तीन महिने काहीच देऊ नका, जेवणाचा डबा द्या. नंतर त्या माणसानं स्वतःहून विचारलं तर मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढते. पहिला भाग १९३४ चा, म्हणजे नव्वदहून जास्त वर्षं झाली, पण भाषा अशी की आत्याबाई समोर पाट टाकून बोलून राहिल्या. नवरा कवी, लहरी, हाताला येईल तो पैसा उधळणारा, मध्येच घर सोडून जाणारा, आणि १८९५ मध्ये तो ख्रिस्ती होतो, बाईवर आभाळ कोसळतं. ते सगळं ती सांगते आणि तुम्ही हसून राहता! नंतर लक्षात येतं की आपण काय वाचून हसलो. हा नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, त्याआधी काही काळ इथं नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे कामाला होते, त्यामुळे आपलं गावही त्यात भेटतं, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या लगेच चष्मा शोधतात. तिचं दुःख मोठं आहे आणि ती स्वतःची कीव करत नाही, त्यामुळे वाचणारीलाही कोणी बिचारी म्हटल्यासारखं वाटत नाही. दुःखातल्या माणसाला 'बिचारी'चा किती कंटाळा आलेला असतो ते ज्याचं त्याला माहीत.

प्रेमभंगवाल्यांना मात्र मी 'रणांगण' देत नाही, अगदी मागितलं तरी लांबवते. विश्राम बेडेकरांचं १९३९ चं पुस्तक, युरोपातून निघालेली बोट, युद्ध तोंडावर, चक्रधर नावाचा आपला माणूस आणि हेर्टा ही जर्मनीतून पळालेली ज्यू मुलगी, आणि बोट बंदराला लागणार हे दोघांनाही माहीत. मला ते इतकं आवडतं की त्याच्यावर पेन्सिलची ओळसुद्धा लिहिता आलेली नाही. पण ताजी जखम असलेल्या पोराला ते देणं म्हणजे क्रूरपणा आहे. त्याला वर्षभरानं द्या. तोपर्यंत त्याला कुठंतरी लांब पाठवा, पुस्तकातून म्हणजे.

घराच्या वाटण्या चालू असलेल्या माणसाचंही तसंच. विदर्भात हा विषय प्रत्येक घरात आहे, गावाकडचा वाडा, पडकी भिंत, चार भाऊ, त्यातला एक मुंबईला नाहीतर पुण्याला, आणि दिवाळीत फक्त सातबाऱ्याची बोलणी. आपल्या एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगमंचावर आलं, त्यात हेच सगळं आहे, वडील गेलेत, तेरावं व्हायचंय, मुंबईचा भाऊ आलाय, दारात गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे. नाटक वाचायची सवय नसते लोकांना, त्यामुळे देताना सांगायचं की नावं लक्षात ठेवत बसू नका, सरळ मोठ्यानं वाचा, दोन पानांत कोण कोण ते कळतं. पण कधी द्यायचं? वाटणी झाल्यावर. सह्या झाल्या, बोलणी बंद झाली, राग थोडा शिळा झाला की द्या. वाटणी चालू असताना दिलं तर वाचणारा त्यात आपला भाऊ शोधतो आणि बाजू घेतो. नंतर वाचलं तर त्याला स्वतःचीही आठवण येते, अन् मग कधीकधी तो फोन लावतो. लावतोच असं नाही.

ऋतू बघून

हे मी कोणत्या गाईडमध्ये वाचलेलं नाही पण नागपुरात राहून कळतं. मेअखेरच्या नवतप्यात, ४५ च्या वर पारा, खिडकीत कूलर घरघरून राहिला, वाळ्याचा वास, दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रं नाही. या वेळात जड वैचारिक ग्रंथ देणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. मी प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' देते. हिमालयात रस्ता खोदणारे बॉर्डर रोड्सचे लोक, नवाच दाखल झालेला लेफ्टनंट विश्वनाथ, कातळ, थंडी, वरिष्ठांशी वाद. एक तर मेमध्ये बर्फाचं वाचून बरं वाटतं हे अगदी बालिश कारण, आणि दुसरं म्हणजे इंजिनिअरिंग करून 'हे मी का करून राहिलो' म्हणणाऱ्या पोरांना ते हलवून सोडतं. ज्यांनी दहावीनंतर मराठी वाचलंच नाही अशी पोरंही हे पूर्ण करतात, माझा भरवशाचा मोहरा आहे हा.

पावसाळ्यात जंगल. ताडोब्याचा मुख्य भाग बंद असतो, सफारीवाले घरी बसून जुने फोटो टाकत राहतात, त्यांच्या हातात मारुती चितमपल्ली द्यायचे. वनखात्यात नोकरी, नवेगावच्या तळ्याकाठी वर्षं काढलेली, निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं आपल्या नागपुरातच होते, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली अन् त्याच जूनमध्ये सोलापूरला वारले. 'रानवाटा'पासून सुरू करायला सांगा. त्यातून जो भाव येतो त्याला मी शांतता म्हणणार नाही, जास्त करून सावधपणा येतो, घराबाहेरच्या झाडावर कोण बसलंय ते बघायला लागतो माणूस. वाघ दिसला-नाही दिसला यावरून ट्रिपला मार्क देणाऱ्यांना हे औषध आहे.

ज्याला खरंच दहा मिनिटांच्या वर वेळ नाही त्याच्यासाठी दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', महिन्याला एक लेख, चैत्र आला की चैत्राचा वाचायचा अन् ठेवून द्यायचं. वर्षभरात पुस्तक संपतं, अपराधी वाटत नाही.

आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी कवी ग्रेस. आता ग्रेस म्हटलं की इथं दोन गट पडतात, एक डोळे मिटून मान डोलावणारा, दुसरा 'काही कळत नाही बे' वाला. मी दुसऱ्या गटालाच देते. 'संध्याकाळच्या कविता', १९६७. अट एकच, घरी कोणी नसताना मोठ्यानं वाचायची आणि अर्थ कोणालाही विचारायचा नाही, मलाही नाही. कळलं नाही तरी काहीतरी होतं, कशाची तरी आठवण येते जी आपली नाहीच, असं एका कॉमर्सच्या मुलीनं मला सांगितलं होतं आणि यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. 'कविता आपल्या डोक्यावरून जाते' म्हणणारे काका असतील तर त्यांना मात्र आधी सुरेश भटांचं 'रंग माझा वेगळा' द्या, अर्धं त्यांना गाण्यांमुळे आधीच पाठ निघतं, मग तेच आपल्याला ऐकवतात, थांबवायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा.

राग आणणारी पुस्तकं

ही देताना जरा थांबायचं. दया पवारांचं 'बलुतं', १९७८. मी माझी प्रत दीक्षाभूमीवरून घेतली होती. अशोक विजयादशमीला तिथं पुस्तकांचे जे स्टॉल लागतात ते पाहिले नसतील तर पहिले ते बघा, लोक लांबलांबच्या खेड्यातून येतात, रात्री मैदानात झोपतात, आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं नेतात. ज्यांना वाटतं मराठीत आता वाचतंच कोण, त्यांनी त्या दिवशी तिथं उभं राहावं.

'बलुतं'त एकच माणूस दोन जणांसारखा बोलतो, शिकलेला दया आणि गावकुसाबाहेरून आलेला दगडू, दगडू सांगतो अन् दया ऐकतो. वाचताना माझ्यासारखीला लाज वाटते, आपल्या घरातल्या कप-बशा आठवतात, कोणासाठी कोणती वेगळी ठेवलेली होती ते आठवतं. म्हणूनच 'आता कुठं जात राहिली' म्हणणाऱ्या नातेवाइकाच्या अंगावर हे पुस्तक फेकावंसं वाटतं. फेकू नका. धडा शिकवायला दिलेलं पुस्तक कोणी वाचत नाही, आणि एवढं चांगलं पुस्तक वाया जातं. कधीतरी तोच म्हणतो, 'आमच्या गावी असं होतं खरं', स्वतःच्या तोंडानं, तेव्हा द्यायचं.

कॉलेजच्या पोरांना 'कोसला' सगळेच सुचवतात, त्यामुळे मी सुचवत नाही, ते त्यांना सापडतंच. फक्त परीक्षेच्या महिन्यात सापडू नये इतकी प्रार्थना, कारण त्यातला पांडुरंग सांगवीकर डोक्यात बसला की अभ्यास, मेस, होस्टेल सगळंच फालतू वाटायला लागतं. लहान पोरांचं सोपं आहे. पोरांना त्यांच्या हातानं निवडू द्या, वाईट निवडलं तरी.

हातात देताना

गोष्ट सांगू नका. 'शेवट तर असला भारी आहे ना' हेही सांगू नका, मग माणूस पूर्ण वेळ शेवटाची वाट बघतो. एक वाक्य बोला, पेन्सिलची ओळ आहे त्याच्या जवळपासचं काहीतरी, आणि विषय बदला. जड प्रसंग असेल, लहान मुलाचा मृत्यू किंवा आत्महत्या असं, तर मात्र आधी स्पष्ट सांगा, आपल्या विदर्भात तर हे सांगितलंच पाहिजे, कोणत्या घरात काय घडलेलं आहे आपल्याला माहीत नसतं.

'तीस पानं वाच, नाही जमलं तर परत दे, मला काही वाटणार नाही' हे वाक्य जादू करतं. लोकांना सोडायची परवानगी मिळाली की ते सोडत नाहीत. उलट 'वाचून झालं का' असा मेसेज आठवड्यानं टाकला की संपलं, ते पुस्तक होमवर्क झालं.

वहीत लिहा कोणाला काय दिलं, तारीख टाका, त्याच्या देखत टाका. पुस्तक दिलं की गेलं समजावं असं पुष्कळ लोक म्हणतात, मला पटत नाही, मी 'दिवाळीपर्यंत' अशी मुदत सांगूनच देते. पानाचा कान मोडणाऱ्यांबद्दल काय बोलू, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत त्यांचा एक बडग्या (पुतळा हो) निघाला पाहिजे. ज्यांच्याबद्दल शंका असेल त्यांना स्वतःची प्रत देऊच नका, विकत घ्यायला सांगा, सीताबर्डीवर मिळतं, नाही मिळालं तर ऑनलाइन आहेच, लायब्ररीचं कार्ड काढून दिलं तर त्याहून बरं. अन् जो रोज खापरी ते ऑटोमोटिव्ह मेट्रोनं जातो किंवा गाडीच चालवत असतो त्याला ऑडिओबुक चालतं, त्याला वाचणं म्हणायचं की नाही यावर भांडू नका, कानात गेलं तरी पोटात दुखतंच.

पुस्तक परत आलं की 'आवडलं का' विचारायचं नाही, कारण तुमच्या घरी चहा पिता पिता कोणी नाही म्हणत नाही. 'कुठं थांबलात' विचारा. थांबलेली जागा खरी असते. कोणी म्हणतं ती बाई दारात उभी राहते तिथं, कोणी म्हणतं एकविसाव्या पानावर, झोपच आली. दोन्ही वहीत लिहा, पुढचं पुस्तक यावरूनच निघतं, झोप आली म्हणणाऱ्याला पुढचं आणखी पातळ. दोन-तीन पातळ पुस्तकंही तशीच परत आली तर त्या माणसाचा नाद सोडा, त्याला रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात एखादं नाटक लागलं की तिकीट काढून द्या, तर्री पोहे तुमच्याकडून.